आपापल्या गावची सगळ्यात जुनी इमारत

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळात झालेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवातली एक संध्याकाळ आपल्यातल्याच कुणीतरी आपल्या कामाविषयी बोलायचं, असा आपला रिवाज आहे. या वर्षी ती पाळी माझ्यावर आली. मी वक्ता नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि राज्य शासनात उपयंत्री म्हणून लागलो, त्याला वीस वर्षं होऊन गेली. नव्या बांधकामांची मोजमापं घेणं, जुन्या इमारतींची दुरुस्ती करून घेणं आणि दुरुस्तीपलीकडे गेलेल्या इमारतींबद्दल तसं लिहून देणं, हे माझं काम. त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. आज मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे. तुमच्या गावातली सगळ्यात जुनी, अजून उभी असलेली इमारत कोणती?

प्रश्न सोपा वाटतो, पण 'तुमचं गाव' म्हणजे कोणतं, इथूनच आपली अडचण सुरू होते. कोलार रोडवर आपण सगळे बाहेरून आलेलो. कुणी बऱ्हाणपूरचे, कुणी इंदूर-ग्वाल्हेरचे, कुणी थेट पुण्या-नाशिकचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवं मध्य प्रदेश झालं, राजधानी भोपाळला आली आणि नागपूरच्या सचिवालयातली कितीतरी मराठी कुटुंबं फायलींबरोबर इथे आली. माझे आजोबा त्यांतलेच. मूळ गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, नोकरी नागपूरची, सरकारी घर टी. टी. नगरचं. टी. टी. म्हणजे तात्या टोपे, हे आपल्या मुलांना सांगावं लागतं. आणि आता आम्ही इथे, कोलार रोडवर, जिथे तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बहुतेक शेतंच होती. आपल्या कॉलनीतली सगळ्यात जुनी इमारत माझ्या मुलीपेक्षा थोडीशीच मोठी आहे.

म्हणून 'गाव' या शब्दाचा अर्थ आज आपण सैल ठेवू. जिथे राहतो ते, जिथून आलो ते आणि जिथे कुलदैवत आहे तेही.

'इमारत' हा शब्द मात्र आपण थोडा घट्ट धरू, नाहीतर वाद मिटायचा नाही. मी तीन अटी घालतो. पहिली, ती माणसाने बांधलेली असावी. भीमबेटकाच्या गुहा आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. तिथली चित्रं हजारो वर्षांची आहेत आणि १९५७ साली ती जगासमोर आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर हे आपले मराठी माणूस, याचा अभिमान आहेच. पण ते निसर्गाने दिलेलं छप्पर आहे, इमारत नव्हे. नाशिकची पांडवलेणी, कार्ले-भाजे, पुण्याचं पाताळेश्वर हीसुद्धा बांधलेली नाहीत, कोरलेली आहेत. लेणं वरून खाली कोरत आणतात, इमारत खालून वर बांधत नेतात. दोन्हींचं शास्त्र वेगळं. पुणेकरांनी रागावू नये. कार्ल्याच्या चैत्यात छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत, तेवढ्यापुरतं मी त्यांना सुतारकाम म्हणून पूर्ण गुण देतो.

दुसरी अट, ती उभी असावी. नुसतं जोतं किंवा उकरून काढलेला पाया चालणार नाही. तिसरी अट, जुनेपणाला काहीतरी पुरावा असावा. 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' हा पुरावा नाही. या हिशेबाने पांडवांनी एकट्या महाराष्ट्रातच इतकी कामं केली आहेत की त्यांना वनवासात जेवायला वेळ मिळाला नसता.

आता भोपाळपासून सुरुवात करू. शहरात फिरलो तर नवाबी काळ लगेच भेटतो. गोहर महाल १८२० चा, कुदसिया बेगमचा. चौकातली जामा मशीदही त्याच बेगमची, १८३७ ची. मोती मशीद १८६० ची, सिकंदर बेगमची. त्याच्या मागे गेलं की राणी कमलापतीचा महाल, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याच राणीचं नाव २०२१ मध्ये आपल्या हबीबगंज स्टेशनला मिळालं. महालाच्या भिंतीजवळ जाऊन वीट बघा. पातळ, बिस्किटासारखी लाखौरी वीट आहे. वीट हा जुनेपणाचा चांगला साक्षीदार असतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

पण हा महाल उभा कशावर आहे? कमला पार्कच्या बांधावर. एका बाजूला बडा तालाब, दुसऱ्या बाजूला छोटा. हा बांध अकराव्या शतकात परमार राजा भोजाने घातला असं परंपरा सांगते. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात, आणि आपण हजार वर्षांच्या बांधकामावरून चाललो आहोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. भोपाळची सगळ्यात जुनी इमारत म्हणून मी या बांधाला मत देईन. देऊळ नाही, महाल नाही, साधं पाणी अडवणारं काम. पण ते अजून पाणी अडवतं आहे.

आता याच राजाचं दुसरं काम बघा. आपल्या सर्वधर्मच्या पुलाखालून कलियासोत वाहते. ती पुढे भोजपूरजवळ बेतव्याला मिळते. भोजपूरला भोजानेच प्रचंड दगडांचे बांध घालून एक मोठा जलाशय केला होता. पंधराव्या शतकात माळव्याच्या होशंगशाहाने तो बांध फोडला असं सांगतात. पाणी गेलं, तळाची जमीन लागवडीला आली आणि बांध कुणाच्या उपयोगाचा राहिला नाही. आज तिथे दगडांची रास दिसते. राजा एक, काळ एक, दगड जवळपास तसाच. एक बांध टिकला आणि एक गेला. मला आज जे सांगायचं आहे ते सगळं या दोन बांधांत आहे. इमारत मजबूत असावी लागते हे खरं, पण टिकते ती वापरामुळे आणि दर वर्षी होणाऱ्या डागडुजीमुळे. ज्या इमारतीची कुणालातरी गरज आहे, तिच्या छपरावर कुणीतरी चढतं.

भोजपूरचं शिवमंदिर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं आहे. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण पुढच्या वेळी दर्शन झाल्यावर घाई करू नका, देवळाच्या आसपासच्या खडकावर बघा. तिथे देवळाचे नकाशे कोरलेले आहेत. खांब, कमानी, शिखराचे भाग, सगळं रेषांमध्ये. आम्ही आज साइटवर ड्रॉइंग घेऊन जातो, त्यांनी साइटच्या खडकावरच ड्रॉइंग काढलं. देवळाच्या मागे मातीचा उतार आहे, मोठे दगड वर ओढून नेण्यासाठी केलेला. काम अर्धवट राहिलं म्हणून तो हटवला गेला नाही, आणि म्हणूनच हजार वर्षांपूर्वी दगड वर कसे चढवत हे आपल्याला डोळ्यांनी दिसतं. आतल्या लिंगाचा परीघच सुमारे १८ फूट आहे. चाळीस फुटी चार खांब आणि वर अपुरं छत. ते छताचं भोक पुरातत्त्व विभागाने अलीकडच्या काळात हलक्या फायबरग्लासने झाकलं आणि पाऊस थेट आत पडणं थांबलं.

आणखी मागे जायचं तर सांची. भोपाळहून पन्नास किलोमीटरही नाही. मोठ्या स्तूपाचा गाभा सम्राट अशोकाच्या काळचा, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, विटांचा. त्या विटा सुमारे १६ इंच लांब, १० इंच रुंद आणि ३ इंच जाड. आपली आजची वीट ९ इंची. म्हणजे एक मौर्य वीट उचलायला दोन हात लागत असतील. नंतर शुंगांच्या काळात त्यावर दगडाचं आवरण चढलं आणि स्तूप जवळपास दुप्पट झाला. आणि मग तोरणं आली. दक्षिणेच्या तोरणावर एक लेख आहे. राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य आनंद, वासिष्ठीचा मुलगा, याने हे दान दिलं, असा त्याचा अर्थ. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे. तेव्हा मंडळी, मराठी मुलखातून नोकरीनिमित्त या बाजूला आलेली आपण पहिली माणसं नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी त्या राजाच्या पदरचा एक मुख्य मिस्त्री इथे काम करून गेला आणि आपलं नाव लिहून गेला. आईचं नाव आधी लावून.

सांचीला स्तूपाजवळच एक लहानसं देऊळ आहे, क्रमांक १७. माणसं त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढतात आणि पुढे जातात. सपाट छत, एक चौकोनी गाभारा, पुढे चार खांबांची ओसरी. बस्स. पाचव्या शतकाच्या सुरुवातीचं हे गुप्तकालीन देऊळ भारतातल्या सगळ्यात जुन्या, बांधलेल्या दगडी देवळांपैकी एक मानलं जातं. पुढची सगळी शिखरं, सगळे मंडप या साध्या खोलीतून वाढत गेले.

इथे नागपूरकरांना हात वर करायची संधी आहे. रामटेकच्या टेकडीवरचं केवल नरसिंहाचं देऊळही त्याच पाचव्या शतकातलं, वाकाटकांचं. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे दिली होती. बापाच्या राज्यातली सांची आणि लेकीच्या सासरचं रामटेक, दोन्ही ठिकाणी त्या शतकातली देवळं अजून उभी आहेत. भोपाळ-नागपूर हा रस्ता १९५६ पेक्षा बराच जुना आहे.

आता मूळ महाराष्ट्रात येऊ. कुणी विचारलं की तिथली सगळ्यात जुनी उभी इमारत कोणती, तर माणसं रायगड, प्रतापगड, शनिवारवाडा म्हणतात. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. १८२८ च्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम गेलं, राहिले ते तट, बुरूज, दरवाजे आणि जोती. पण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलात तर गोष्ट हजार-बाराशे वर्षं मागे जाते. तेर म्हणजे संत गोरोबाकाकांचं गाव, प्राचीन काळचं तगर. तिथलं त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे आणि मागची बाजू गोल, हत्तीच्या पाठीसारखी. असा आकार बौद्ध चैत्याचा असतो. म्हणजे आधी चैत्य असलेली इमारत पुढे विष्णूचं देऊळ झाली, असं अभ्यासकांचं मत. इसवी सनाच्या पहिल्या पाच-सहा शतकांतलं हे काम. विचार करा, विटांची इमारत, तीही मराठवाड्यात, आणि हजार वर्षांहून जास्त उभी. कारण काय? देव बदलला, पण दिवा लावणारं कुणीतरी राहिलं.

ठाण्याकडच्या मंडळींना अंबरनाथ आहे. तिथल्या लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असं स्वच्छ लिहिलेलं आहे. शिलाहारांचं काम. तारखेचा असा पक्का पुरावा फार थोड्या देवळांच्या नशिबी असतो. गोव्याकडची मंडळी असतील तर तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ. ते जंगलात आडवाटेला आहे.

ग्वाल्हेरकरांना तर निवड करणंच अवघड. किल्ल्यावरचं तेली का मंदिर आठव्या-नवव्या शतकातलं. आणि चतुर्भुज मंदिर एकाच खडकातून कोरलेलं, त्यामुळे माझ्या पहिल्या अटीत बसत नाही. पण तिथे गेल्यावर मुलांना एक गोष्ट नक्की दाखवा. त्यात इसवी सन ८७६ चा लेख आहे आणि त्यात २७० हा आकडा शून्यासह लिहिलेला आहे. फुलांच्या बागेची लांबी २७० हात. एका बागेच्या मोजमापात आपल्या शून्याचा इतका जुना दाखला सापडतो. मोजमापाची वही नीट ठेवावी हे मी आमच्या कनिष्ठांना सांगतो, ते यासाठीच. या ग्वाल्हेर संस्थानाचं पुरातत्त्व खातं मो. ब. गर्दे यांनी सांभाळलं आणि तिथल्या कितीतरी वास्तूंची नीट नोंद झाली, हेही आपल्या माणसांना ठाऊक असावं.

बऱ्हाणपूरकर म्हणतील जामा मशीद. १५९० च्या सुमाराची, फारुकी सुलतानांची, आणि आत अरबीबरोबर संस्कृत शिलालेख. पण मला बऱ्हाणपूरचं जमिनीखालचं काम जास्त आवडतं. कुंडी भंडारा, १६१५ च्या सुमाराचं. सातपुड्याच्या बाजूने झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून शहरापर्यंत आणलं, आणि वर शंभराच्या आसपास कुंड्या ठेवल्या. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. उतार मोजणारा माणूस किती हुशार असेल ते मला विचारा, मी लेव्हलिंग करतो.

इंदूरकरांचा राजवाडा मल्हारराव होळकरांनी १७४७ मध्ये सुरू केला. तो तीनदा जळला, शेवटचा १९८४ च्या दंगलीत. दर्शनी भाग वाचला, मागचा भाग अलीकडे पुन्हा बांधला. मग तो जुना म्हणायचा की नवा? जपानमध्ये इसे नावाचं देवस्थान आहे. तिथलं लाकडी देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर हुबेहूब नव्याने बांधतात. शेवटचं २०१३ मध्ये बांधलं. लोक त्याला तेराशे वर्षांचं म्हणतात, कारण बांधण्याची पद्धत तुटलेली नाही. आपल्याला हे परकं वाटायला नको. समोरची मूर्ती आपण दहा दिवसांपूर्वी आणली आणि उद्या तिचं विसर्जन करू. तरी गणपती तोच. पण मूर्ती घडवणारा हात दर वर्षी लागतो. तो हात गेला की मग जुनं तेवढंच उरतं, आणि ते जपावंच लागतं.

आता थोडं माझ्या धंद्याचं बोलतो. जुन्या इमारती पडतात कशाने? भूकंपाने, आगीने, लढाईने पडतात, पण फार थोड्या. बाकीच्या पाण्याने पडतात. छपरावरची एक पन्हळ तुंबते. पाणी भिंतीत उतरतं. ओलीत पिंपळाचं बी रुजतं. पहिल्या वर्षी ते हाताने उपटता येतं, तिसऱ्या वर्षी कोयत्याने, दहाव्या वर्षी ते काढलं तर भिंतच बरोबर येते. म्हणजे इमारत पडली ती दहाव्या वर्षी, पण चुकलं ते पहिल्या पावसाळ्यात.

दुसरं कारण रस्ता. दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा थर येतो. रस्ता चढत जातो आणि जुन्या घराचं जोतं खाली जातं. ज्या वाड्याला चार पायऱ्या चढून जायचं, तिथे आता एक पायरी उतरावी लागते. पावसाचं पाणी सरळ सोप्यात. हे मी रस्त्याची कामं करणाऱ्या खात्यांच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो आहे.

तिसरं कारण प्रेम. हसू नका. गावातल्या देवळाला वर्गणी जमते आणि पहिलं काम काय होतं? जुन्या दगडाला आणि चुन्याला सिमेंटचा गिलावा, त्यावर ऑइल पेंट. जुनी भिंत चुन्याची असते. चुना श्वास घेतो, म्हणजे आत शिरलेली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती वाट बंद करतं. ओल आत कोंडते, क्षार फुटतात, वीट आतून पीठ होते. वरून देऊळ चकाचक, आतून पोखरलेलं. आपल्या कोलार रोडच्या तोंडालाच चूना भट्टी आहे. नावातच चुना आहे, पण आज एखाद्या जुन्या भिंतीसाठी नीट मळलेला, मुरवलेला चुना करून देणारा मिस्त्री शोधायला निघालात तर दमून जाल. चुना भिजवून मुरू द्यायचा, घाणीत मळायचा, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालायचं, ही सगळी कामं सावकाश होणारी. टेंडरची मुदत तेवढी थांबत नाही.

यादवकाळातली आपली जी देवळं आहेत, ज्यांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो, त्यांत तर चुनाही नाही. दगडावर दगड, खाचेत खाच आणि वजनावर सगळं उभं. लोणारचं दैत्यसूदनाचं देऊळ घ्या. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचा तो दागिना. अशा देवळाचा एक दगड हलवून फटीत सिमेंट भरलं की वजनाचा हिशेब बिघडतो. म्हणून माझी विनंती, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या पावतीवर पैसे लिहिताना एवढं जरूर विचारा की गिलावा कसला करणार आहात.

आता कायद्याचं एक वाक्य. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात निदान शंभर वर्षांची वास्तू धरली जाते. पण शंभर वर्षांची प्रत्येक वास्तू संरक्षित नसते. त्यासाठी ती यादीत यावी लागते. सांची, भोजपूर यांची काळजी घ्यायला खातं आहे, पहारेकरी आहे, कुंपण आहे. तुमच्या आजोळच्या वाड्याला, गावच्या बारवेला, वेशीला, धर्मशाळेला कुणी नाही. या इमारती कुठल्याच कागदावर नसतात, त्यामुळे त्या पडल्या तरी कागदावर काही पडलं असं दिसत नाही.

दर वर्षी पावसाळ्याआधी जीर्ण इमारतींची यादी होते. मी अशा किती इमारती आतून पाहिल्या असतील. लाकडाच्या तुळईला टोचा मारून बघायचा, भिंतीला ओळंबा लावायचा, भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ती तुटते का ते पाहायचं, आणि मग शेरा लिहायचा. राहण्यास धोकादायक असेल तर तसंच लिहावं लागतं. त्यात भावना चालत नाही, कारण खाली माणसं झोपतात. पण तो शेरा एका ओळीचा असतो आणि इमारत दोनशे वर्षांची. त्या ओळीत तिचा कोरीव दरवाजा येत नाही, बळद येत नाही, देवळीतला काजळीचा डाग येत नाही.

हे मी दुसऱ्यांच्या घरांबद्दल सांगतो आहे असं समजू नका. आमच्या मूळ गावी आमचा वाडा आहे. फार मोठा नाही. सोपा, चौक, माजघर, मागे परस आणि वर धाबं. धाब्यावर दर वर्षी पावसाळ्याआधी खारी माती टाकायची पद्धत होती. ती टाकणारी पिढी गेली, आणि मग पन्हळ, ओल, पिंपळ, सगळं मघाशी सांगितलं त्याच क्रमाने. आज सहा हिस्सेदार आहेत. त्यांतले दोघे चुलत भाऊ तिथेच राहतात. त्यांना तो पाडून स्लॅबचं घर बांधायचं आहे. बाकीचे आम्ही शहरांतून 'अरे, वाडा ठेवा' म्हणतो. मोठा चुलत भाऊ मला फोनवर म्हणाला, "तू भोपाळला फ्लॅटमध्ये राहतोस आणि मी इथे ताट धरून गळतीखाली बसू?" मला त्यावर उत्तर नव्हतं. त्याचं बरोबर आहे. आपल्या आठवणींसाठी दुसऱ्याने ओलीत राहावं असं म्हणायचा मला अधिकार नाही.

मग मी काय केलं ते सांगतो. मेमध्ये चार दिवस रजा टाकली, टेप आणि ओळंबा घेऊन गेलो. त्या चुलतभावाची दहावीतली मुलगी टेपचं दुसरं टोक धरायला होती. आम्ही दोघांनी पूर्ण वाडा मोजला. प्रत्येक खांब, प्रत्येक कोनाडा. विटांची मापं घेतली. दरवाजाच्या चौकटीचे, तुळयांच्या टोकांचे फोटो काढले. काकूला बसवून कोणत्या खोलीत काय व्हायचं ते लिहून घेतलं. बाळंतिणीची खोली कोणती, धान्याचं पेव कुठे होतं, गौरी कुठे बसायच्या. आता त्याचा नकाशा माझ्याकडे आहे, एक प्रत गावच्या शाळेला दिली आहे. दिवाळीत सगळे हिस्सेदार जमणार आहेत. मी एक प्रस्ताव ठेवणार आहे की मागचा धोकादायक भाग उतरवून तिथे भावांनी घर बांधावं, आणि पुढचा सोपा व दरवाजा चुन्याने दुरुस्त करून ठेवावा. त्याच्या खर्चातला माझा वाटा मी देईन. मान्य होईल की नाही, ठाऊक नाही. जमिनीचा भाव हा माझ्यापेक्षा चांगला वक्ता आहे. पण वाडा राहिला नाही तरी तो कसा होता हे त्या मुलीला माहीत असेल, तिने तो स्वतः मोजला आहे.

तेव्हा माझी मंडळाला विनंती अशी आहे. येत्या वर्षात प्रत्येक कुटुंबाने एक पान लिहून द्यावं. आपल्या गावातली सगळ्यात जुनी उभी इमारत कोणती, हे शोधायचं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. कुठे कोरलेला लेख आहे का ते बघा, त्यावर रंग फासला असेल तर फोटो काढून ठेवा, खरवडू मात्र नका. विटेची लांबी, रुंदी, जाडी मोजा. मोठी, जाड वीट असेल तर फार जुनी असण्याची शक्यता, पातळ लाखौरी असेल तर दोन-तीनशे वर्षांच्या आतली असण्याची शक्यता. तहसीलमध्ये जुना मिसल बंदोबस्त बघायला मिळाला तर उत्तम. इंग्रजी काळातली जिल्हा गॅझेटिअर वाचनालयांत सापडतात, त्यात आपल्या गावाचं नाव शोधा.

पानावर पाच गोष्टी हव्यात. इमारत कुठे आहे, कशाची बांधलेली आहे, किती जुनी आणि कशावरून, आज तिचा वापर कोण करतं, आणि पाणी कुठून गळतं. शेवटची गोष्ट विसरू नका, कारण पुढच्या पावसाळ्याआधी करण्यासारखं तेवढंच असतं. आणि ते बहुधा स्वस्तही असतं, पन्हळ साफ करायला दोन मजूर आणि एक दिवस पुरतो.

देऊळच पाहिजे असं नाही. मशीद असेल, चर्च असेल, गढी, बारव, नदीचा घाट, शाळा, रेल्वेची चाळ, काहीही. ज्यांचं गाव कोलार रोडच आहे, म्हणजे आपली इथे जन्मलेली मुलं, त्यांनी बड्या तालाबचा बांध लिहावा किंवा भोजपूर लिहावं. ते त्यांचंच आहे. सातकर्णीच्या मिस्त्रीने सांचीला नाव कोरलं तेव्हा त्यानेही हे गाव परकं मानलं नसेल.

वही प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. आज आरतीनंतर निदान आपलं नाव आणि गावाचं नाव लिहून जा. नकाशा किंवा मोजणीत अडलात तर मला सांगा, रविवारी मी मोकळा असतो आणि टेप माझ्या गाडीतच असते.



गणपती बाप्पा मोरया!